न बसलेला खरवस

आबासाहेब शिंत्र्यांच्या घरी खरवस कधी केला जात नसे. तो येत असे. कासारखिंड तालुक्यात कुणाचीही म्हैस व्याली, की चिकाचा पहिला खरवस देवापुढे आणि दुसरा डबा दूध संघाच्या चेअरमनच्या घरी, असा रिवाज पडून गेला होता. नैवेद्य चुकला तर देव मनावर घेत नसे. चेअरमन घेत असत.

डबे उघडण्याचा मान मंगलाताईंचा, म्हणजे चेअरमनच्या पत्नीचा. त्या प्रत्येक डब्यातला एक चमचा खात आणि निकाल देत. "बोरपाडीच्या खोतांचा. गूळ बरा आहे, वेलदोड्यात हात आखडलाय." रिकामा डबा परत जाण्याआधी हा निकाल बोरपाडीत पोचलेला असे, आणि आक्काताई खोतांना तो पुढचं वर्षभर ऐकावा लागे.

ऑगस्टच्या अखेरीस एका दुपारी टेबलावर असे चार डबे होते. मंगलाताईंची सून सुकन्या जेवायला घरी आली होती. ती संघाच्या दूध तपासणी प्रयोगशाळेची प्रमुख होती. दुधात पाणी, युरिया, साखर, पीठ, काय काय मिसळता येतं आणि ते मिसळणारा माणूस किती निरागस चेहऱ्याने उभा राहतो, हे पाहण्यात तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. माणसांविषयी तिचं मत त्या नोकरीने बनवलं होतं, आणि ते फारसं चांगलं नव्हतं.

तिने खोतांच्या खरवसाचा एक घास घेतला आणि थांबली. खऱ्या खरवसाला चमचा लावला की पाणी सुटतं, आत बारीक जाळी दिसते, दाताखाली किंचित रवाळ लागतो. हा गुळगुळीत होता. टाळूला चिकटत होता.

तिने औषधांच्या पेटीतून जखमेला लावायचं आयोडीन आणलं आणि खरवसावर एक थेंब टाकला. थेंब पडला त्या जागी शाईसारखा निळाकाळा डाग उमटला.

"अगं, खायच्या वस्तूत औषध कसलं घालतीस?" मंगलाताई म्हणाल्या.

"आई, यात कॉर्नफ्लॉवर आहे."

मंगलाताईंनी डाग बघितला. "आक्काताईच्या? ती बाई तशी नाही गं." मग त्यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "तशीच आहे ती. तिची सासूसुद्धा ताकात पाणी घालून द्यायची."

सुकन्याने दुसऱ्या डब्यात थेंब टाकला. निळा. तिसरा, बोरपाडीच्याच जयाबाईंचा, निळा झाला नाही, पण त्याची वडी बोटांत दाबली तर रबरासारखी परत वर आली. चायना ग्रास. चौथा निळा.

मंगलाताईंचं समाधान ओसरत गेलं. एका बाईने फसवलं तर ती करमणूक होती. सगळ्यांनीच फसवलं तर तो अपमान होता. "म्हणजे अख्ख्या तालुक्यानं मला कॉर्नफ्लॉवर चारलं?" त्यांनी विचारलं.

सुकन्याने चारही डबे एका रांगेत लावले. तिला वेगळाच प्रश्न पडला होता. चारही डबे 'अखंड'च्या गावांतले होते.

'अखंड'ची हकिगत टाकीच्या दुधापासून सुरू होते. काही वर्षांपूर्वी शहरांजवळच्या कारखान्यांत यीस्टकडून दुधाची प्रथिनं बनवून घेऊन पोलादी टाक्यांत दूध तयार व्हायला लागलं. म्हैस नाही, शेण नाही, संप नाही. शहरातल्या लोकांना ते आवडलं. ते स्वस्त होतं आणि पिशवीवर हिरवं पान छापलेलं होतं. दूध संघांच्या चेअरमन मंडळींनी आधी त्याला 'संस्कृतीवरचं आक्रमण' म्हणून पाहिलं, मग हिशेब म्हणून पाहिलं. हिशेबात एक गोष्ट सलत होती. व्यायच्या आधी दोन-अडीच महिने म्हैस आटते. खाते, बसते, दूध देत नाही. टाकी कधी भाकड होत नाही.

आबासाहेबांचा मुलगा रणधीर, म्हणजे सुकन्याचा नवरा, पुण्यात पेशींच्या मृत्यूवर संशोधन करून आला होता. वडिलांना त्याचा विषय अशुभ वाटे. एक दिवस तो जेवताना म्हणाला, की म्हैस आटते म्हणजे तिच्या कासेतल्या दूध करणाऱ्या पेशी मरतात, आणि ते मरण थांबवता येईल. त्या दिवसापासून विषय शुभ झाला.

पेशी दोन प्रकारे मरते. मार लागून, भाजून मरते ती एक. आणि वेळ झाली म्हणून, शिस्तीत, स्वतःच स्वतःला संपवते ती दुसरी. दुसऱ्या प्रकारचं मरण सस्तन प्राण्यांच्या शरीरात सतत चालू असतं. ते नसतं तर गर्भात आपली बोटंही एकमेकांपासून सुटली नसती. हे मरण कधी यायचं, हे ठरवणाऱ्या प्रथिनांत एकाचं नाव 'बॅड' आहे. नाव शास्त्रज्ञांनी ठेवलं. संचालक मंडळाने ठेवलं असतं तर 'लोककल्याण' ठेवलं असतं. पेशीला जगायचं असतं तोवर बॅडच्या अंगावर फॉस्फेटचे गट चिकटवलेले असतात. त्या खुणेमुळे दुसरं एक प्रथिन त्याला धरून बसतं. फॉस्फेटेज नावाची विकरं ही खूण काढून टाकतात. खूण निघाली की बॅड मोकळा सुटतो, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियापाशी जातो आणि तिथे पहारा देणाऱ्या प्रथिनालाच अडकवून ठेवतो. पहारा उठला की मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडतात, आतलं बाहेर येतं, आणि पेशी स्वतःला आतून कापून, बारीक पुड्या बांधून संपते. शेजारच्या पेशी त्या पुड्या खाऊन टाकतात. सूज नाही, पू नाही, गाजावाजा नाही.

फॉस्फेटेज अडवणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते फक्त कासेत अडवणं. ही विकरं थोडी आणि त्यांची कामं फार. एखादं शरीरभर बंद केलं तर जनावर मरेल किंवा त्याला कॅन्सर होईल. पण अशा विकराला कुठे जायचं ते दाखवणारं एक जोडीदार प्रथिन लागतं, आणि ते प्रत्येक पेशीत सारखं नसतं. दूध करणाऱ्या पेशींतला जोडीदार रणधीरने शोधला आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसणारा रेणू तयार केला. आटण्याच्या सुमारास कासेत एक इंजेक्शन दिलं, की खूण जागेवर राहते, बॅड कोंडलेला राहतो, पेशी मरत नाहीत. म्हैस व्यायच्या दिवसापर्यंत दूध देते. आबासाहेबांनी त्याला 'अखंड' नाव दिलं आणि बारा गावांत प्रयोग सुरू झाला. घरच्या गोठ्यातली म्हैसही त्यात होती. काम खरोखर हुशारीचं होतं. सुकन्याला त्या वेळी नवऱ्याचा अभिमान वाटला होता, आणि तो लपवायचं कारणही नव्हतं.

आता चार डब्यांसमोर बसून ती दुसरी बाजू जुळवत होती. कास आटते तेव्हा ती रिकामी बसलेली नसते. जुन्या पेशी जातात, नव्या येतात, आणि त्याच काळात आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं कासेत साठत जातात. तोच चीक. माणसाच्या बाळाला यातला बराच वाटा पोटातच मिळतो. म्हशीच्या रेडकाला पोटात काहीही मिळत नाही. पहिल्या दिवशी जे चोखलं तेवढंच. आणि चीक उकडला की जी प्रथिनं घट्ट बसतात, ती हीच. खरवस बसत नाही याचा अर्थ चीक नुसतं दूध आहे. रेडकू उघडं पडलं आहे.

बारा गावांतली रेडकं मरत असली पाहिजेत.

ती दुसऱ्या दिवशी बोरपाडीला गेली. आक्काताई खोत गोठ्यात होत्या. म्हैस चांगली होती, दूध भरपूर होतं, दाव्याला रेडकू नव्हतं.

"रेडकू?"

"रेडी हुती. हगवण लागली, गेली," आक्काताई म्हणाल्या. "जातात की, वहिनीसाहेब. टोणगा असता तर मी बोलले पण नसते."

तेही खरं होतं. टोणगा मेला तर कुणी नोंदही करत नसे. दूध न देणारं तोंड कमी झालं म्हणून गपचूप बरंच मानत. संघाच्या अहवालात रेडकांचा रकाना त्यामुळे नेहमीच स्वच्छ असे.

"खरवस बसला नव्हता ना तुमचा?"

आक्काताईंनी घमेलं खाली ठेवलं. "कोण म्हणलं?"

"कुणी नाही. मी आयोडीन टाकून बघितलं."

आक्काताईंनी बाहेर अंगणात एक नजर टाकली. मग दार लोटून घेतलं. "दोनदा उकडला. पाणीच. सासूबाई म्हणल्या, तुझा हातच तसला, तू चिकात पाणी घातलंस. मी कशाला घालू पाणी? शेवटी पोराच्या कस्टर्डचं पीठ हुतं ते घातलं. न्हाई पाठवला तर तुमच्या सासूबाई इचारणार, आणि पातळ पाठवला तर गावभर करणार." त्यांनी आवाज खाली आणला. "बाकीच्यांचा चांगलाय म्हणं. माझाच असा झाला."

"बाकीच्यांचाही तसाच आहे, आक्काताई."

"काहीतरीच. जयाबाईचा मी खाल्लाय. सुरीनं कापला."

जयाबाईचा चायना ग्रासचा होता. सुकन्याने ते सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर तिला संताप येत होता आणि कुणावर काढावा हे ठरत नव्हतं. बारा गावांत एकेका बाईने आपापल्या स्वयंपाकघरात एकटीने हाच शोध लावला होता, आणि प्रत्येकीने तो पिठाखाली पुरला होता. एकीने जरी विहिरीवर तोंड उघडलं असतं तर पहिल्या महिन्यातच कळलं असतं. पण चेअरमनच्या बायकोपुढे खरवस पातळ निघण्यापेक्षा रेडी मेलेली परवडली.

रणधीर संघाच्या आवारातल्या त्याच्या खोलीत होता. तिने सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. ऐकताना पेनाचं टोपण लावत आणि काढत होता.

"चिकाचे नमुने तपासले होतेस ना तू?" तिने विचारलं. "तुझ्या शोधनिबंधात लिहिलंयस. 'चिकातील प्रथिनांची गुणवत्ता पारंपरिक उष्णता-साकळण चाचणीने तपासली.' ही कसली चाचणी?"

त्याने पेनाचं टोपण पुन्हा घट्ट लावलं.

"रणधीर, ही कसली चाचणी?"

"म्हैस कधीही विते," तो म्हणाला. "पहिल्या काही तासांतला नमुना घ्यायला सुपरवायझर जात नव्हते. मग त्यांना फोनवरून विचारायला सांगितलं."

"काय विचारायला?"

"खरवस बसला का."

"आणि सगळ्या बायका म्हणाल्या, बसला."

"तत्त्वतः चाचणी बरोबर आहे. प्रथिनं नसतील तर साकळणारच नाही."

"तत्त्वतः," सुकन्या म्हणाली. "पुण्याचं शिक्षण, परदेशी मासिकात निबंध, आणि मोजमाप काय, तर आक्काताई खोत आपल्या सासूसमोर फोनवर काय बोलल्या. संघात दूध घालणारा गवळी याच्यापेक्षा बरं खोटं बोलतो."

तो लाल झाला. "चूक झाली. मान्य. पण सभा पुढच्या आठवड्यात आहे. ठराव झाला की संघ कारखाना टाकणार, तो माझ्याकडे येणार. एकदा मंजूर होऊ दे, मग मी शांतपणे दुरुस्ती करतो. बाहेरून चीक देता येईल. चिकाची पावडर करता येईल."

"ठराव काय आहे माहीत आहे ना? सगळ्या सभासदांना 'अखंड' सक्तीचं. यंदाच्या हिवाळ्यात तालुक्यातली प्रत्येक म्हैस चिकाशिवाय विणार. पावडर कधी येणार?"

"आबांशी बोलू."

आबासाहेबांनी ऐकून घेतलं. ते मूर्ख नव्हते, आणि सुकन्याला त्यांचा तोच राग होता. त्यांना एका दमात सगळं कळलं. "म्हणजे रेडकाला पावडर लागणार," ते म्हणाले. "ती कोण करणार?"

"कोणीतरी करेल," रणधीर म्हणाला.

"कोणीतरी कशाला? संघ करेल. इंजेक्शन आपलं, पावडर आपली." त्यांनी सुनेकडे कौतुकाने पाहिलं. "चांगलं लक्षात आणून दिलंस. पण सभेत हे नको. लोकांना एका वेळी एकच गोष्ट कळते."

"आबा, पावडर तयार होईपर्यंत रेडकं मरतील. आत्ताच मरतायत."

"रेडकं मरतातच, सुकन्या. तू शहरातली. तुला ते नवीन वाटतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर दुधाचे टँकर बघत होता. या माणसाला सगळ्यांत सूक्ष्म गोष्ट दिसत असे, आणि समोरची दिसत नसे. किंवा दिसे आणि तो टँकर बघे. ठराव हाणून पाडला तर त्याचं नाव, त्याचा कारखाना आणि बहुधा त्यांचा संसार, तिन्ही जाणार होते. नाही पाडला तर हिवाळ्यानंतर तालुक्यात रेडी उरणार नव्हती, आणि चार वर्षांनी म्हैस. या दोन पारड्यांत तिला फार वेळ घालवावा लागला नाही. लागला नाही याचंच तिला वाईट वाटलं.

संघाची वार्षिक सभा म्हणजे मांडव, फेटे आणि जेवण. फाटकाबाहेर विरोधी गटाची समांतर सभा स्वतःच्या माईकवर चालू होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की 'अखंड' त्यांच्या गावांना आधी का दिलं नाही. आत सचिव विषय वाचायचा आणि पुढच्या रांगांतली नेमलेली माणसं "मंजूर, मंजूर" ओरडायची. अहवाल मंजूर, ताळेबंद मंजूर, नफ्याची वाटणी मंजूर. भात शिजायच्या आत सभा संपवायची, ही आबासाहेबांची ख्याती होती.

ठरावाच्या आधीचा विषय दूध गुणवत्तेचा अहवाल. तो दरवर्षी सुकन्या वाचत असे आणि दरवर्षी कुणी ऐकत नसे. तिने अहवालाचा कागद घडी करून ठेवला आणि चिकाविषयी बोलायला लागली. पेशी का मरतात, कास का आटते, रेडकाला पहिल्या दिवशी काय लागतं, हे तिने जमेल तितकं सोपं करून सांगितलं. लोक एकमेकांशी बोलत होते. मांडवाच्या मागून मसालेभाताचा वास येत होता. व्यासपीठावर फेटा बांधलेला रणधीर स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. आबासाहेबांनी सचिवाला खूण केली, पण सुनेच्या हातून माईक घेणं चारचौघांत बरं दिसलं नसतं.

"बारा गावांतल्या बायकांनो," सुकन्या म्हणाली, "ज्यांचा खरवस यंदा बसला नाही, त्यांनी हात वर करा."

बायकांच्या बाजूला एकही हात वर आला नाही. दुसऱ्या रांगेत आक्काताई वरच्या पंख्याकडे पाहत होत्या. "आमचा तर सुरीनं कापला," मागून जयाबाईंचा आवाज आला. बाजूच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या.

तिला हेच अपेक्षित होतं. या लोकांना खरं सांगून काही मिळत नाही, हे ती कामावर शिकली होती. त्यांच्या भल्याचं सांगूनही नाही. फक्त एका गोष्टीने ते हलतात.

"चेअरमनसाहेबांच्या घरी आलेले सगळे डबे मी तपासले आहेत," ती म्हणाली. "कुणाच्या खरवसात कॉर्नफ्लॉवर आहे आणि कुणाच्यात चायना ग्रास, ती नावं मला पाठ आहेत."

मांडव गप्प झाला. मसालेभाताकडे वळलेल्या माना परत फिरल्या. एक म्हातारा सभासद उठला. "सूनबाई, बायकांची अब्रू काढायला सभा भरवलीय काय?"

"नाही, काका. नावं मी घेणार नाही. घ्यायचं कारणच नाही. त्या घरांतल्या कुठल्याही हाताचा दोष नाही, म्हशीचाही नाही. चिकातच दम नव्हता, तर बाई काय करणार? दोष इंजेक्शनचा आहे."

आक्काताई उभ्या राहिल्या. "तरीच," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचा खरवस आजवर कधी बिघडला नव्हता." त्यांनी मागे वळून कुणाकडे तरी, बहुधा सासूकडे, पाहिलं. "ऐकलं का?"

मग बांध फुटला. जयाबाई म्हणाल्या, की त्यांना पहिल्याच वेळी संशय आला होता. तिसरी म्हणाली, तिचा तर तीनदा उकडून पाणी. क्षणापूर्वी ज्यांचे खरवस सुरीने कापले जात होते, त्या सगळ्यांचे खरवस आता पाण्यासारखे होते, आणि जिचा जास्त पातळ तिचा आवाज जास्त मोठा होता. पुरुषही उठले. आपल्या बायकोवर आळ आणला, माफी मागा. रेडकांचा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. फार उशिरा, मागच्या खांबापाशी, एकजण म्हणाला, "आणि आमची रेडी गेली, तिचं काय?" तो आवाज इतरांत बुडून गेला.

आबासाहेब उठले. वारा कुठून येतो हे कळायला त्यांना कधीच प्रयोगशाळा लागली नव्हती. "मी पहिल्यापासून सांगत होतो," ते माईकवर म्हणाले, "की निसर्गाच्या पुढं जायचं नसतं. पण शिकल्या-सवरलेल्या पोरांचा आग्रह असतो. म्हातारा माणूस किती अडवणार?" त्यांनी शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहिलं नाही. "हा ठराव मी स्वतः मागं घेतो. आमच्या माऊलींच्या हाताला नाव ठेवणारं औषध या तालुक्यात नको. मंजूर?"

"मंजूर, मंजूर," पुढच्या रांगा म्हणाल्या. तेच लोक, तोच सूर.

लोक जेवायला उठले. रणधीर तसाच बसून होता. सगळ्यांनी फेटे उतरवले होते. आपला कधी उतरवायचा हे त्याला ठरवता येत नव्हतं. सुकन्याने त्याचं नाव घेतलं नव्हतं, 'इंजेक्शन' म्हटलं होतं. त्यात फरक आहे असं तिने स्वतःला समजावून पाहिलं आणि सोडून दिलं. ती जिंकली होती. हात धुवावेसे वाटावेत, तसलं ते जिंकणं होतं.

त्यानंतर रणधीर तिच्याशी बोलेनासा झाला. तो माडीवर झोपू लागला. मंगलाताई दोघांना वेगवेगळं वाढत आणि तिसऱ्याच माणसाशी बोलत.

ज्या म्हशींना सभेआधी इंजेक्शन दिलं होतं, त्यांचं मात्र काही करता येण्यासारखं नव्हतं. रेणू कासेत जाऊन बसला होता. सुकन्याने शेजारच्या तालुक्यातल्या संघाकडून गोठवलेला चीक मागवला आणि प्रयोगशाळेच्या दारात वाटप सुरू केलं. म्हैस व्याली की यायचं, भांडं आणायचं, चीक फुकट न्यायचा.

पहिल्या दिवसापासून रांग लागली. आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येकजण, न विचारता, एकच सांगत असे.

"आमचं चांगलंय, वहिनीसाहेब. शेजारणीसाठी पाहिजे."

"जावेच्या म्हशीसाठी. बिचारीला यायला लाज वाटती."

"माझ्या नणंदेच्या गावात लागलंय."

इंजेक्शनचा दोष सभेत सगळ्यांनी मिळून मंजूर केला होता, पण भांडं घेऊन एकट्याने उभं राहायचं म्हटलं की प्रत्येकीला पुन्हा स्वतःचा हात आठवत होता. तालुक्यात एवढा शेजारधर्म सुकन्याने आजवर पाहिला नव्हता. तिने कुणालाही उलट विचारलं नाही. भांडी भरून दिली. चीक कुणासाठी म्हणून नेला, ते रेडकाला कळत नव्हतं.

एका सकाळी तिने मान वर केली तेव्हा रांगेत रणधीर होता. चेअरमनच्या मुलाला मागच्या दाराने येता आलं असतं. तो हातात किटली घेऊन, पुढच्या पाचसहा बायका हलतील तसा पुढे सरकत होता. बायका त्याला जागा द्यायला बघत होत्या. तो घेत नव्हता.

त्याची पाळी आली. सुकन्याने चिकाच्या बरणीचं झाकण काढलं.

"आपली म्हैस व्याली," तो म्हणाला. आवाज बेताचा होता, पण रांगेला ऐकू जाईल इतका. "रेडी आहे. चीक नाही. दूधच आहे नुसतं." त्याने किटली पुढे केली. "इंजेक्शन मीच दिलं होतं."

तिने किटली भरली. "कोमट करून पाज," ती म्हणाली. "तापवू नकोस फार. बसेल."

तो हसेल असं क्षणभर वाटलं. हसला नाही. "किती वेळात पाजायचं?"

"आत्ता. जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. आणि संध्याकाळी परत ये."

"येतो," तो म्हणाला आणि किटली दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, भराभर निघाला.

मागची बाई त्याच्या पाठीकडे तो फाटकाबाहेर जाईपर्यंत पाहत राहिली. मग पुढे आली, आणि आपली चरवी टेबलावर ठेवत खालच्या आवाजात म्हणाली, "चेअरमनच्या घरची ही तऱ्हा. काय बोलायचं आता." तिने पदर सावरला. "मला मात्र शेजारणीसाठी पाहिजे."

चरवीवर तिचंच नाव कोरलेलं होतं. सुकन्याने ती काठोकाठ भरून दिली.